उखा जागल्याचे शंभर करकोचे

पिंपळबारीच्या उखा जागल्याला देव आणि पाखरं दोन्ही सारखीच नकोशी होती. देवाला तो शिव्या तेवढ्या देत नसे, कारण देव हरभरा खात नाही.

पाखरांना मात्र देई, आणि काय एकेक देई. पोपटाला वेगळी, मैनेला वेगळी, भोरड्यांच्या थव्याला तर आजीपणजीपासून सुरुवात करून नातवंडांपर्यंत. सकाळी पांझरेवर धुणं घेऊन गेलेल्या बाया कानावर पदर ओढत आणि पदराआडून नीट ऐकत. नवी सून गावात आली की तिला तोंड कसं चालवायचं हे सासू शिकवत नसे, उखा शिकवी.

गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. नदीवर बंधारा, बंधाऱ्याचा पाट, आणि पाटाखालची सगळी बागायत चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक, ते पंच ठरवणार. पाणीही पंचांच्या हुकमानं सुटणार. तिथं आपापल्या तुकड्याची आपापली राखण असा प्रकार नाही. साऱ्या फडाला मिळून एक जागल्या. ढोर शिरलं, चोर शिरला, पाखरू बसलं, सगळ्याला जबाबदार तोच. सुगीला प्रत्येक घरानं त्याला ठरलेल्या पेंढ्या घालायच्या. उखानं हे काम एकवीस वर्षं केलं होतं. त्याची गोफण अशी की शेंड्यावरचा पोपट खाली यायचा आणि शेजारची कैरी जागेवर राहायची. हे तो स्वतःच सांगे, पण पाहिलेली माणसंही होती.

आता खरी गोष्ट सांगायची तर उखाला तीन वर्षांपासून दिसत नव्हतं.

म्हणजे अगदी मिट्ट काळोख नव्हे. ऊन कळे, सावली कळे, समोर माणूस उभा असला तर मळक्या धोतरासारखं काहीतरी हले. डोळ्यांवर साय धरली होती. पण पायांना बांध पाठ होते, माणसं खोकल्यावरून कळत आणि पाखरं तर काय, आवाज दिल्याशिवाय खातच नाहीत. उखा आवाजाच्या रोखानं गोफण फिरवी. दगड जायचा तिकडे आणि पाखरू उडायचं इकडे, पण उडायचं. शिवाय शिव्या होत्याच.

हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, कस्तुराला, सुद्धा नाही. धुळ्याला डॉक्टर डोळे कापून साय काढतात असं ऐकलं होतं. पण कापायला गेला की गाव विचारणार, काय कापायला गेला? आणि त्याच्या आधीचा जागल्या मंगा, त्याचे डोळे गेले तेव्हा पंचांनी एका बैठकीत त्याला काढलं होतं. मंगा मग जावयाच्या ओसरीवर जाऊन पडला आणि वर्षाच्या आत मेला. त्या बैठकीत मंगाची जागा ज्याला मिळाली तो उखा. त्या दिवशी त्यानं गावाला गूळ वाटला होता. तो गूळ आता तीन वर्षं त्याच्या घशाशी येत होता.

अशात चोपन्न सालच्या डिसेंबरात पुण्याहून प्रोफेसर गद्रे आले.

हे गद्रे दर हिवाळ्यात कोकणात जाऊन समुद्राच्या काठाकाठानं चालत आणि पाखरं मोजत. त्या साली दमा वाढला म्हणून डॉक्टरांनी खारी हवा बंद केली. गद्रे म्हणाले, समुद्राचा नाही तर नदीचा काठ, आणि कोरडी हवा शोधत शोधत पश्चिम खान्देशात येऊन पोचले. शाळेचे पंडित गुरुजी त्यांना घेऊन उखाच्या मचाणापाशी आले.

"उखा, या सरांना पाखरं बघायची आहेत. तुझ्याइतकी कोणाला ठाऊक?"

"कसाले?" उखा म्हणाला. "खातस का?"

"छे छे," गद्रे म्हणाले. "नुसती बघायची. मोजायची. वहीत लिहायची."

"मोजीसन काय करतस?"

"पुढच्या वर्षी पुन्हा मोजतो."

उखानं ओळखलं, या माणसाला बायकोनं घराबाहेर काढलं असावं. त्याला दया आली. शिवाय नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण तर सांगायचं नव्हतं. तो म्हणाला, सकाळी या.

सकाळी नदीवर अशी धुई पडली होती की गायीला आपलं वासरू सापडेना. उखाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा सगळं गाव त्याच्या बरोबरीला आलं होतं. तो खाड खाड पुढे निघाला आणि मागून गद्रे दगडांवरून उड्या मारत आले. चौथ्या दगडावरून ते दुर्बिणीसकट पांझरेत बसले. पाणी गुडघाभरच होतं, पण बसलेल्या माणसाला गुडघाभर पुष्कळ होतं. दुर्बिणीत आतून वाफ धरली, आणि चष्म्याच्या जाड काचांवर धुई होतीच. पुण्याचा प्रोफेसर खान्देशच्या जागल्याला मला दिसत नाही असं कसं सांगेल? त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली, आणि 'वा, वा' म्हणाले.

तर असे हे दोघे निघाले पाखरं बघायला.

अट एकच होती: आवाज करायचा नाही. उखाची पंचाईत झाली. एकवीस वर्षांत पाखरू दिसलं, म्हणजे ऐकू आलं, की तोंड सुटायचं. आता कानाजवळून भोरड्यांचा थवा गेला तरी दात आवळून गप्प राहायचं. शिव्या पोटात तशाच राहिल्या आणि पोट फुगलं.

"धोबी शे," तो कुजबुजला. "दगडवर नाची राह्यना."

गद्र्यांनी दुर्बीण तिकडे वळवली. "अहाहा. नाचतोय खरा."

"खंड्या शे."

"काय निळा आहे."

"तठे टिटवी शे. अंडा नही, उगाच बोंबलस."

गद्रे भराभर लिहीत होते. हे 'शे शे' काय आहे ते त्यांना कळलं नव्हतं. आपल्याकडे 'शे' म्हणजे 'आहे', हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गद्र्यांना वाटलं, कोणी बोलताना 'हं' म्हणतं, कोणी 'बरं का' म्हणतं, तशी या गड्याला सवय असेल. माणूस मात्र विलक्षण, असं त्यांनी वहीत लिहिलं. धुक्यात मान न वळवता पाखरू सांगतो.

उखाला शंका आली ती इथं. आपण सांगतो ते सगळंच या सरांना दिसतं कसं? तो थांबला आणि काठी नदीच्या रिकाम्या वाळूकडे रोखून म्हणाला, "तठे बाभूळवर घुबड बसेल शे."

"आहाहा," गद्रे म्हणाले, "काय डोळे आहेत हो त्याचे."

तिथं बाभूळही नव्हती. उखाला आधी हसू आलं, आणि मग एकाएकी त्या माणसाविषयी माया वाटली. हाही आपल्यातलाच. एवढा शिकलेला, ओल्या विजारीत कुडकुडतोय, आणि दिसत नाही हे सांगायची लाज वाटतेय. त्यानंतर उखानं खोटं एक पाखरू सांगितलं नाही. उलट पायाखाली दगड आला की तो मुद्दाम खोकून तिथं थांबे.

परतताना हरभऱ्याच्या फडाकडून आवाज आला. कुर्र, कुर्र. उखाचे कान टवकारले. करकोचा. थंडीत उत्तरेकडून येतात, उंच मानेचे, आणि थवा उतरला की हरभऱ्याचा वाफा तासाभरात साफ. पण हा एकलाच होता. चुकला असेल थव्यातून. एकच गळा, पुन्हा पुन्हा.

गद्र्यांनी त्याचा दंड धरला. "करकोचे! उखा, किती असतील?"

"एक शे."

"एकशे?"

"हाँ. एक शे."

पेन्सिलीची खरखर उखानं ऐकली आणि त्याला वाटलं, एका करकोच्याला हा केवढं लिहितो. गोफण कमरेला होती. पण सरांनी पुन्हा दंड धरला होता. मग करकोचा आपला आपण उडून गेला, दोन पंखांचाच आवाज आला, आणि दोघे गावात येऊन चहा प्याले. गद्र्यांनी निघताना उखाला मिठी मारली. गावात कोणी कोणाला मिठी मारत नाही. उखाला वाटलं सर पुन्हा पडताहेत, म्हणून त्यानंही घट्ट धरलं.

फाल्गुनात हरभरा काढणीला आला आणि त्या फडातल्या रतिलालचा तुकडा निम्माच भरला. घाट्यांना अळी लागली होती, हे त्याला सांगणारे चौघे होते. पण अळीशी भांडता येत नाही. रतिलाल भांडायला माणूस शोधत होता, आणि नेमकं त्याच आठवड्यात पंडित गुरुजींना पुण्याहून एक मासिक आलं. गुरुजींनी ते मारुतीच्या पारावर पंचांसमोर मोठ्यानं वाचलं. निंबा आबा मुख्य पंच, तेही होते. उखाला खास बोलावलं होतं. तो धुतलेलं मुंडासं घालून आला होता.

"'पिंपळबारी येथील जागल्या श्री. उखा यांनी,'" गुरुजी वाचू लागले, आणि 'श्री.' ऐकून उखाची छाती वीतभर वर आली. "'दाट धुक्यात, केवळ एका दृष्टिक्षेपात, हरभऱ्याच्या शेतात उतरलेले शंभर करकोचे अचूक मोजले. सुमारे पाव तास आम्ही दोघे निःशब्द उभे राहून तो सोहळा पाहत होतो. धन्य ती दृष्टी.'"

रतिलाल उठला.

"शंभर," तो म्हणाला. "पाव तास. निःशब्द. आबा, आमना हरभरा कोठे गया ते आते समजनं."

"शंभर कोन म्हने?" उखा ओरडला. "मी सांगं, एक शे."

पंडित गुरुजी हुशार. त्यांनी मासिक मांडीवर आपटलं आणि हसत सुटले. म्हणाले, अरे, हा म्हणाला एक आहे, आणि पुण्याच्या माणसानं ऐकलं एकशे. मग सगळा पार हसला. एक पंच पोट धरून खाली बसला. उखाही हसला, त्याला वाटलं, सुटलो.

रतिलाल हसला नाही. "छापेल शे ते," तो म्हणाला. "पुण्यामा छापेल. छापेल खोटं ऱ्हास का? आते गंमत करीसन सोडी देवा, आनि पुढला साल दोनशे बसाडा."

आणि इथं पंचांचं हसू ओसरलं, कारण त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. कागदावर उमटलेलं खोटं असतं हे पिंपळबारीनं त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. सातबारा छापील, गुन्हा छापील, देवाची आरती छापील. एका बाजूला पुण्याचं मासिक आणि दुसऱ्या बाजूला शिवराळ उखा. शंभर करकोचे पाव तास बघत उभा राहिलेला जागल्या म्हणजे फडाचा चोर. मंगा निदान आंधळा म्हणून गेला होता. हा हरामखोर म्हणून जाणार होता.

निंबा आबांनी हात वर केला. "भांडू नका. उखा, फडनी माती उचल आनि सांग. 'मी मना डोयाघाई एकच करकोचा देखा.' इतलं सांग, आनि हाई बठ्ठं आठेच संपनं."

कोणीतरी फडातून ओंजळभर माती आणली. ती उखाच्या हातात दिली.

उखानं आयुष्यात मारुतीला हात जोडले नव्हते. बेलभंडाऱ्यावर त्यानं दोनदा खोटी शपथ घेतली होती आणि दोन्ही वेळा दुपारचं जेवण नीट पचलं होतं. पण ही माती वेगळी. एकवीस वर्षं तिच्यावर अनवाणी चालला होता तो, तिचं खाल्लं होतं. गेली तीन वर्षं तर बांध चुकू न देता तिनंच त्याला चालवलं होतं. वाक्य केवढंसं होतं. एक करकोचा होता, हे खरं. एकच होता, हेही खरं. 'डोळ्यांनी पाहिला' एवढंच खोटं होतं, आणि ते कोणाला कधी कळणार नव्हतं.

माती बोटांतून गळू लागली तशी त्यानं मूठ घट्ट केली.

"एक व्हता," तो म्हणाला. "माती लीसन सांगस, एकच व्हता. मी ऐका. पन देखा नही, आबा. माले तीन साल व्हई ग्यात, दिखत नही."

पारावरच्या माना त्याच्या डोळ्यांकडे वळल्या.

"त्या सरले बी दिखत नव्हतं," उखा म्हणाला, "त्यानी दुर्बीणमा पानी. आम्ही दोन्ही आंधया पाखरे मोजत व्हतूत."

एरवी यावर पार हसून कोसळला असता. पिंपळबारी हे असं गाव होतं की प्रेतयात्रेत कोणी घसरलं तरी आधी हसे. त्या दिवशी हसलं नाही. बायका पाराच्या पलीकडे कडुनिंबाच्या सावलीत बसल्या होत्या, त्यांच्यातून कस्तुरा उठली आणि सरळ पंचांसमोर आली. पंचांसमोर बाईमाणूस येत नसे. तिला कोणी अडवलं नाही, कारण तिचं तोंड बघून कोणाची हिंमत झाली नाही.

"साक्रीना बजारमा मी लुगडं लिधं," ती म्हणाली. पंचांना म्हणाली, पण तोंड उखाकडे होतं. "कसं दिखस, म्हनीसन इचारं. हाऊ म्हने, हिरवं तुले शोभस. लाल व्हतं ते. मी सहा महिना रडनू, का या मानूसले मनाकडे देखाले बी वेळ नही." तिचा आवाज फाटला. "माले तरी सांगतास. मी काय पंच शे?"

उखानं मान खाली घातली. तीन वर्षं त्याला पंचांची भीती वाटली होती. हिची वाटायला हवी होती, हे त्याला आता कळलं, आणि त्याच्या साय धरलेल्या डोळ्यांतून सगळ्या गावासमोर पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही. हातात माती होती.

"आंधया जागल्या कोठे ऱ्हास का?" रतिलाल म्हणाला, पण आता जरा खालच्या आवाजात.

मंगाला काढलं त्या बैठकीतही निंबा आबाच मुख्य पंच होते. ते रतिलालला म्हणाले, "जागल्या म्हंजे काय रे? जागस तो. देखल्या कोन म्हनस याले? तीन सालमा एक ढोर गयं का फडमा? चोर गया? इतला दिवस तुना माल वाचाडा ते काय डोयाघाई?"

पण आबाही काही संत नव्हते, फडाचे पंच होते. त्यांनी निकाल दिला तो असा: बाकीची काढणी होईपर्यंत उखानंच राखायचं, पेंढ्या पूर्ण मिळतील; पण आजपासून मचाणावर कस्तुरानं बरोबर बसायचं आणि काय दिसतं ते सांगायचं. तिच्या वेगळ्या पेंढ्या मिळणार नाहीत. गोफण बंद, कारण गेल्या सुगीत कोणाच्या तरी बैलाला दगड लागला होता आणि तो दगड कोणाचा ते आता कळलं. तोंड चालू. सुगी झाली की पंडित गुरुजींनी उखाला धुळ्याला न्यायचं, डॉक्टर म्हणेल ते करायचं. आणि पुढच्या सालाचं पुढच्या साली. गुरुजींनी विचारलं, पुण्याला शंभराचं कळवू का? आबा म्हणाले, कळवू नका, शेजारच्या गावात एकही करकोचा येत नाही आणि आपल्याकडे शंभर येतात तर काय वाईट आहे.

पार रिकामा होऊ लागला. उखा उठला आणि नेहमीसारखा ताठ चालू लागला, पण चौथ्या पावलाला पायरीला ठेचकाळला. तीन वर्षांत पहिल्यांदा. कस्तुरानं त्याच्या हातातली माती झटकली, आणि ती त्याच्या पुढे झाली. पिंपळबारीत बाई नवऱ्याच्या पुढे चालत नाही. दहा पावलं मागून, डोक्यावर पदर घेऊन चालते. कस्तुरा भर गल्लीतून पुढे चालली, आणि उखा तिच्या जोडव्यांच्या आवाजामागून.

ओट्यांवर बाया थांबल्या. भागाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. एक म्हातारा खाटेवर उठून बसला.

"बठ्ठा गाव देखी राह्यना," कस्तुरा मागं न बघता म्हणाली.

"देखू दे," उखा म्हणाला. "माले कोठे दिखस."